जुना कोलम

रात्री कूस बदलताना
ह्यांच्या श्वासाला ॲसिटोनचा वास येतो.
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं मी तो ड्रममधून मोजून घेतला,
बाटलीवर तारीख घातली, खाली सही केली.
घरात तो असा, न विचारता,
उशीवरून येईल असं वाटलं नव्हतं.

शर्वरी फोनवर म्हणाली, चांगलंय आई,
म्हणजे चरबी जळतेय.
तिघी असतात म्हणे.
दोघी मेंदूच्या चुलीत सरपण होतात,
तिसरी बिनकामाची, श्वासावाटे निघून जाते.
माझी ओळख फक्त तिसरीशी.

ह्या माणसानं पस्तीस वर्षं
वाशीच्या दाणाबाजारात पोती वाहिली.
पंजाबचा गहू, लातूरची तूर, वाड्याचा कोलम.
शंभर किलो पाठीवर, तोंडात शिवी, हातात हूक.
आता ओट्यावरच्या इवल्याशा काट्यावर
अक्रोड ठेवतात. चौदा ग्रॅम.
एक काढतात.
बघतात माझ्याकडे, आणि परत ठेवतात.

सुरुवात थोरल्या दिरांपासून झाली.
शेवटी शेवटी भाकरीला ते ‘ते गोल’ म्हणायचे,
मला ‘ती बाई’,
आणि ह्यांच्याकडे बघून नुसतंच हसायचे,
अनोळखी माणसाशी हसतात तसं.
बाराव्याहून आल्यावर ह्यांनी
नाचणीच्या पिठाचा डबा माळ्यावर टाकला.
म्हणाले, आमच्या खानदानाचं इंजिन साखरेवर अडकतं,
दुसरं इंधन घालून बघू.

शर्वरी पनवेलला बायोकेमिस्ट्री शिकवते,
तिला खोटं बोलता येत नाही.
उंदरांवर झालंय, म्हणाली.
काही उंदीर जास्त जगले,
म्हातारपणीही त्यांना वाट आठवत होती.
माणसांचं, तिनं घसा साफ केला,
माणसांचं इतकी वर्षं कुणी मोजलेलं नाही बाबा.
हे पोट धरून हसले.
दाणाबाजारातले उंदीर जन्मभर गहूच खायचे,
मांजराला भीक घालत नसत,
आणि वाट तर एकदाही चुकले नाहीत.

पँट ढिली झाली. साखर खाली आली.
कोलेस्टेरॉल वर गेलं, डॉक्टर शेणॉयनी
चष्मा काढून कागद दोनदा वाचला.
पोटरीत गोळा येतो पहाटे, मी मीठपाणी देते.
निसर्ग उद्यानात तीन फेऱ्या मारतात,
पूर्वी तिथं कचऱ्याचा डोंगर होता, हे त्यांना आठवतं,
आणि मोठ्यानं सांगतात, मला नव्हे, स्वतःलाच.
झोपण्याआधी गाळ्यांचे नंबर म्हणतात, मालकांच्या नावांसकट.
परवा एफ-बाराला थांबले.
मी उत्तर ओठांवर धरून ठेवलं.
पंखा फिरत राहिला.
हिरजी, म्हणाले शेवटी. हिरजी केशवजी.
आणि मग कुशीवर वळले, वास घेऊन.

अक्रोडानं आठवलं की घाबरल्यानं,
मला काय माहीत?

काल कोपरखैरणेच्या बाजारात
मी घरासाठी म्हणून तांदूळ घेत होते, माझ्यापुरता.
ह्यांचा हात आपोआप पोत्यात गेला, कोपरापर्यंत.
मूठभर काढला, फुंकर मारली,
एक दाणा दाढेखाली धरला.
कट्ट.
“दोन वर्षांचा आहे,” दुकानदाराला म्हणाले,
“हा घे. नवा तांदूळ गिच्च होतो.
जुना झाला की प्रत्येक दाणा सुटा होतो,
पाणी जास्त मागतो तेवढंच.”
दुकानदाराला पोतं कुठून आलं हेही माहीत नव्हतं.

दाणा थुंकले की गिळला ते मी पाहिलं नाही.
रात्री त्यांची वही उघडली,
डाव्या बाजूला रोजचं: अंडी तीन, पनीर, तूप, पालक.
सगळ्यात खाली, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात
‘कोलम, १ दाणा.’

कुकरची तिसरी शिट्टी होऊ दिली नाही मी.
वास फार लांब जातो.