चार किंवा पाच

वालपराइसोच्या टेकडीवर
तारेने ओढल्या जाणाऱ्या डब्याची तिकिटं फाडते मी,
सव्वीस वर्षं झाली.
एक डबा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो,
मध्ये एकमेकांना ओलांडताना दोघंही जरा थरथरतात.
पाटीवर लिहिलंय: माणसं दहा.
किलो लिहिलेले नाहीत.
मी स्वतः बसले की आठच जण घेते,
माझे दोन धरते.
नवव्याला सांगते, पुढच्या फेरीला या, ब्रेक जुने आहेत.

डॉक्टर बारायोनांनी पाठकोऱ्या कागदावर माझं पोट काढलं,
मोज्यासारखं.
उभी रेघ मारली, मोठा तुकडा रेघेच्या बाहेर गेला,
उरलं ते केळ्याएवढं.
शंभरात एखादीला मोठा त्रास होतो, म्हणाले,
आणि मग माझी फाइल उघडली.
पंधरा वर्षांची साखर.
मध्येच एक ठोका गाळणारं हृदय,
त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी.
रात्री नाकावर मुखवटा, उशाशी घरघरणारं यंत्र.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
तुमच्या बाबतीत चार, म्हणाले. किंवा पाच.

चार आणि पाच यांच्यामध्ये
एक अख्खी बाई असते.
तिला मांडीवर घेऊन मी बसने घरी आले.

ज्या आजारांपायी कापायचं
तेच आजार म्हणतात, कापू नका.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,
आणि इथे चावणारी मी, पळणारीही मीच,
तीही पळू न शकणारी.

बहीण ओरियाना सान्तियागोला जाऊन करून आली.
पन्नास किलो गेले, केस गेले, मग केस परत आले.
रविवारी घेवड्याचे चार चमचे खाते
आणि ताटली माझ्याकडे सरकवते, सवयीने.
मी विचारलं, कसं वाटतं?
म्हणाली, पूर्वी रडू आलं की पाव खायचे,
आता काय करायचं
ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.
पण गुडघे, नेल्दा, गुडघे!
आणि उठून मला नाचून दाखवलं,
स्वयंपाकघरातच, हातात झारा.

इस्माएल खाणीतून फोन करतो:
आई, करून टाक.
फ्रीज बदलून टाक म्हणावं तसं.

रिगोबेर्तोला विचारलं तर म्हणतो, शरीर तुझं.
रात्री मुखवटा निसटला की
झोपेतच हात लांबवून नीट बसवतो तो, चुकत नाही.
काल दिवा मालवल्यावर बराच वेळ गेला,
मला वाटलं झोपला.
मग म्हणाला, पण घरी ये.

तार तपासायला येतो त्या फेर्मीनलाही विचारून पाहिलं,
बदलायची कधी, हे ठरवतोस कसं?
त्याने ग्रीसचा हात विजारीला पुसला.
मोजमापं आहेत, म्हणाला, वही आहे.
पण खरं सांगू,
मला झोप येईनाशी झाली की बदलतो.
मला तर यंत्राशिवाय झोपच नाही.
हसलो आम्ही दोघंही.

मंगळवारी डबा दुरुस्तीसाठी बंद असतो.
एकशे बासष्ट पायऱ्या.
म्हाताऱ्या क्लोतील्देच्या दाराशी एक निळी खुर्ची असायची, शंभरावर,
माझ्यासाठी, असं कधी ती म्हणाली नाही.
या मंगळवारी खुर्ची दिसली चौसष्टाव्या पायरीवर,
दुसऱ्याच कुणाच्या दाराशी,
पायाखाली पुठ्ठा घालून, डुगडुगू नये म्हणून.
छत्तीस पायऱ्या तिने ती उतरवली होती,
ऐंशी वर्षांची बाई,
काही न बोलता.
म्हणजे कुणीतरी मोजत होतं.

बसले.
बंदरात कंटेनर उतरत होते, लाल, मग पिवळा.
पिशवीतून संमतीचा कागद काढला.
सहीची जागा तशीच ठेवली,
समासात लिहिलं:
गोळी किती दिवस आधी थांबवायची?
त्या दिवसांत गुठळी झाली तर?
केळ्याएवढ्या पोटात सगळी औषधं मावतात का?
शुद्धीवर येताना जवळ कोण असेल, नाव सांगा.
अजून एक लिहायचं होतं, ते शब्दांत येईना,
म्हणून नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

मग उठले.
अठ्ठ्याण्णव उरल्या होत्या.
चार चढून थांबले.
मग पाच.