चाळणी

बुसानच्या सुक्या बाजारात
आई पहाटे चारला मांदेली चाळते.
बारीक खाली, जाड वर,
मोडकी शेपटं वेगळ्या डब्यात.

मी रात्री शेअर चाळते.
पाच दिवस सलग चढलेला,
उलाढाल दुप्पट,
वीस दिवसांच्या सरासरीवर डोकं काढलेला.
चोवीसशेंतून उरतात अकरा.
इथे चढ लाल असतो, उतार निळा;
अकराच्या अकरा लाल, ताप आल्यासारखे.

सातवं नाव गोजेच्या गोदीचं.
बाबांनी तिथे एकोणीस वर्षं वेल्डिंग केलं,
मग एका शुक्रवारी हेल्मेट घरी आणलं.
ते अजून ओट्याखाली आहे,
आई त्यात लसूण ठेवते.

चाळणीला हे कुठून कळावं?
तिची भोकं आठवड्याएवढी.

नऊला बाजार उघडला. बोट बटणावर.
तेवढ्यात आईचा फोन, "जेवलीस का?"
म्हटलं, घेऊ का गं, बाबांची कंपनी?
ती हसली नाही.
"वर आलेला मासा," म्हणाली,
"कशानं वर आला, ते आधी हुंगावं."

हुंगलं नाही.
चार घेतले, गुरुवारी विकले.
नफ्यात लसूण आला,
हेल्मेटात मावेल एवढा.