सोळा पाट्या

बोरीच्या अंगाला, पारोळ्यात, प्रयोगशाळेमागे
अर्धा एकर काळी, भेगाळलेली,
आणि पत्र्याच्या सोळा पाट्या.
मीच रंगवल्या, निवृत्त झालो त्या हिवाळ्यात.
नावं आधी लावली. फुलं नंतर यायची होती.

चेअरमन आले, चष्मा पुसून म्हणाले,
"पगारे, बाग कुठाय?"
म्हणालो, साहेब, तुम्ही तिच्यावर उभे आहात.
त्यांनी एक पाय उचलला,
तो कुठे ठेवावा ते मग कळेना.

पौषाच्या पानावर फक्त तरवड.
रावेरकडे केळी करपली म्हणतात थंडीनं,
हा मात्र पिवळा, निर्लज्ज,
कुणी विचारलं नाही तरी पिवळा.

फागुनातला पळस आमच्या हद्दीत नाही.
त्याची सावली पडते आत, दुपारी तीननंतर.
तेवढी नोंद केली.

आखाजीला शेहेचाळीस.
समोरच्या निंबाला पोरींचे झोके,
पाट्यांना हात लावता येत नव्हता.
भुईला चिकटून भुईरिंगणी तेवढी,
जांभळी, आपल्याच काट्यांत बसलेली,
मुराळी ज्यांच्या दारी गेलाच नाही
अशा एखाद्या लेकीसारखी.

केना बघायचा तर आठाच्या आत या.
दोन निळ्या पाकळ्या,
दुपारपर्यंत त्यांचं पाणी होतं.
वहीत दाबल्या तर डाग राहतो नुसता.
माझ्याकडे असे एकोणीस डाग आहेत,
तारखेसह.

ठगूबाई येते शेळ्यांसाठी, विळा घेऊन.
वाकते, थांबते, विचारते,
"हाई भाजी शे का फूल?"
आमचा करार तोंडी आहे:
कुर्डू कोवळा तोवर तिचा,
तुरा आला की माझा.
टाकळ्यावरून अजून भांडण आहे.
गाजरगवत दोघंही मुळासकट उपटतो,
तेव्हा बोलत नाही.

नवव्या पाटीवर लिहिलंय: कळलावी.
कंद दाजू पावरानं दिला होता,
पळसाच्या पानात गुंडाळून,
"हळू लाव" म्हणाला, एवढंच.
पाटीपुढे तीन वर्षांच्या नोंदी:
नाही आली.
नाही आली.
नाही आली, पाऊस बरा होता.

भुलाबाई बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी
ठगूबाई म्हणाली, "चाला भाऊ, दाखाडस तुमले."
तारेपलीकडे, गॅरेजवाला जिथे काळं तेल ओततो,
तिथून वर आलेली,
पानांच्या टोकांनी काटेरी तार धरून,
पाकळ्या मागे उलटलेल्या,
खाली पिवळ्या, वर जाळ.
तोंड रस्त्याकडे.

वीस पावलं. मी मोजली.
कंद चालला कसा?
"कळलावी शे ती," ठगूबाई म्हणाली,
"लावेल जागावर कशी ऱ्हाई?"
दोन वर्षांपासून ती तिथे विळा वळवून घेते म्हणे.
मला का नाही सांगितलं?
"तुम्ही कधी इचारं?"

घरी येऊन वही उघडली.
रकाने आखलेले, सगळे कुंपणाच्या आतले.
समासात लिहावं म्हटलं
तर समासात केन्याचा डाग.
त्याच्याच कडेनं लिहिलं, बारीक अक्षरात.

नवव्या पाटीखाली यंदा आघाडा आलाय,
भरपूर, पाटीच्या अर्ध्यापर्यंत.
त्याच्या नावाची पाटी मी केलीच नव्हती.