पहिला गण

रेशनचं रॉकेल बंद झालं त्या वर्षी
सावद्याच्या ज्युनियर कॉलेजात
सगळ्यात आधी अडलं ते सोडियमचं.
बाटलीतली पातळी बोटभर उतरलेली,
एक ढेकूळ उघडं पडून
पांढुरकं, पोपडे धरलेलं.

सुपडूभाऊ नेहेते, लॅब अटेंडंट,
सायकल काढून मेडिकलवर गेले,
लिक्विड पॅराफिनच्या चार बाटल्या मागितल्या.
दुकानदार म्हणाला, एवढं कुणाचं तुंबलंय, भाऊ?
भाऊ म्हणाले, आहे एक पेशंट,
पाण्याचा थेंब चालत नाही त्याला.

मार्चातच एक्केचाळीस अंश. मी तक्त्यासमोर.
हा उभा रकाना म्हणजे एक भावकी, मुलांनो.
लिथियम, सोडियम, पोटॅशियम, आणि खाली
रुबिडियम, सीझियम, ज्यांना मीही कधी पाहिलेलं नाही.
घरं लहानमोठी, कुणाचे दोन खण, कुणाचे सहा,
पण प्रत्येकाच्या ओट्यावर
एकटाच झोपलेला एक जण.
त्याच्यावरूनच ठरते सगळी सोयरीक.
आतल्यांना गावची खबर नसते.
घर जेवढं खोल, ओटा तेवढा माजघरापासून लांब,
आतली हाक तेवढी पुसट,
आणि ओट्यावरचा तेवढ्याच लवकर उठून
कुणाच्याही मागे सुरतेला जातो.

सतराव्या गणात पंगत मांडलीय.
पानं आठ, माणसं सात.
क्लोरीनला धीर नाही,
रस्त्यावरच्याचा हात धरून आत ओढतो.
आणि अठरावे, राजवायू:
भरल्या घरचे. देणं नाही, घेणं नाही,
लग्नपत्रिका आली तर वाचून कपाटावर ठेवतात.
(या गावात बदलून आले तेव्हा
दोन वर्षं मला वाटायचं, मी आर्गॉन.)

भाऊंनी ढेकूळ फिल्टर पेपरवर घेतलं, कापलं.
गुळाच्या भेलीलासुद्धा याहून जास्त जोर लागतो.
आत चांदी.
मागच्या बाकावरचे माना उंच करेस्तोवर
चांदी गेली.

पाण्यावर तो गोळी होऊन पळाला, सूंऽ करत,
फिनॉल्फ्थॅलीनची गुलाबी शेपटी ओढत.
मग पोटॅशियम, मुगाच्या डाळीएवढं.
ते पाण्याला टेकलं
आणि जांभळं पेटलं.
टाळ्या. कुणाची तरी शिट्टी.

दामिनी भंगाळे उभी राहिली.
"मॅडम, आमच्या शेडात केळीसाठी
पोटॅशच्या चाळीस गोण्या आहेत.
आणि पत्रा गळतो."

वर्ग हसला. मी नाही हसले.
म्हटलं, गोणीतल्या पोटॅशियमने
आपला एक कधीच देऊन टाकलाय क्लोरीनला.
भिजलं तर विरघळेल. तुझ्या बाबांचं नुकसान होईल, एवढंच.
पेटायचं ते देतेवेळी.

"पण मग ते पोटॅशियमच राहतं का?"

नाव तेच राहतं, म्हणाले,
आणि पुढचं मला नीट सांगता येईना.
फळ्यावर एक अधिक चिन्ह काढलं.
ते पुसलं. परत काढलं.

सिंकपाशी भाऊ कोरड्या कागदाने सुरी पुसत होते.
म्हणाले, "मले बी देलं व्हतं मायनं.
पहिले तीन गेले, मंग मले सुपात घालून
शेजारच्या फिरकेबाईले
दोन पायली जवारीत इकलं.
सांजच्याले परत आनलं, पन उसनं.
म्हनून सुपडू."

तासाची घंटा झालेली. निम्मी मुलं जिन्यात होती.

"मले काई आठवत नाई.
माय सांगे, दिवसभर लय रडला,
घरी आनला तं गप."

उरलेले तुकडे त्यांनी स्पिरिटमध्ये सोडले.
आम्ही डबे उघडले तरी
बुडबुडे येतच होते, सावकाश, एकेक.
स्टेशनात केळीची गाडी लागल्याचा भोंगा झाला.
भाऊंनी बाटलीचं झाकण दोनदा आवळलं,
लेबलावरचं रॉकेल खोडून पॅराफिन लिहिलं
आणि खाली, बारीक अक्षरात,
पाणी नको.