कुंपण बघायला

"कामाला हवी, की हिंडायला?"
गार्नेट विचारतो. पोर चोविशीचं,
कानावर पेन्सिल, पँटला ग्रीस.
फोर्ट केंटच्या बाहेर, रस्त्याला लागून
अकरा गाड्या ओळीनं उभ्या, तोंडं नदीकडे.
पलीकडच्या काठावर कॅनडा.

कामाला, मी म्हणतो.
जुनी लाल बावीस वर्षं टिकली आमची.
बर्फ लोटला तिनं, ओंडके ओढले,
एकदा तर मेलेला मूस, अर्धा मैल, चिखलातून.
शेवटी शेवटी दोरी ओढता ओढता
खांदा निखळायची पाळी यायची माझी,
तरी उठायची. शिव्या देत, पण उठायची.

गार्नेट हिरवीच्या पाठीवर थाप मारतो.
मागंपुढं लोखंडी रॅक, नाकावर विंच,
स्प्रिंगा ताठ.
"रिकामी चालवलीत तर कंबर बोलेल,
ओझं टाकलंत की लोणी."
अशी माणसं मला माहीत आहेत.
आमचा बाप त्यातलाच.

मग निळी.
लांब सीट, दोघांची, मागच्याला टेकायला पाठ.
दगडांवरून जाताना चारही चाकं आपापली वाकतात,
मांजर जिना उतरतं तशी.
रॅक मात्र नावाला,
आणि वर अडीच हजार डॉलर जास्त.

मी बोटांवर हिशेब मांडतो:
जळणाचं लाकूड, हिवाळाभराचं,
घरापासून फाट्यापर्यंतचा बर्फ,
दोन म्हाताऱ्या शेजारणींचाही बर्फ,
आणि कुंपण.
"कुंपण बघावं लागतं," मी ठासून सांगतो.

डेल्फीन इतका वेळ गप्प होती.
मार्चमध्ये खुबा बदलला तिचा.
काठीवर भार टाकून
टायरच्या खाचांतून बोट फिरवत होती.
"रोझेअर," ती म्हणते, "कुठलं कुंपण?"

गाई विकून तीन वर्षं झाली.
तार मीच गुंडाळली.
कोठारामागं पडली आहे, वेटोळ्यांतून रास्पबेरी उगवली आहे.

आता ह्या पोराला काय सांगायचं.
आमच्या घरात 'कुंपण बघून येतो' म्हणजे
जेवणं उरकून, भांडी तशीच टाकून,
ती मागच्या रॅकवर, दुमडलेल्या पोत्यावर,
बरोबर त्या स्टिकरवर, ज्यात बजावलं होतं:
इथं माणूस बसवू नये.
बीव्हरच्या बांधापर्यंत. कधी टेकडीच्या माथ्यापर्यंत,
जिथून दोन्ही देशांतले दिवे सारखेच दिसतात.
आई दारातून ओरडायची, आज रविवार आहे रे!
"तारेला कसला रविवार," डेल्फीन म्हणायची,
आणि डोक्याला रुमाल बांधायची.
काम म्हटलं की आमच्याकडं कुणी अडवत नसे.
नुसतं हिंडायला जातो, असं तोंडानं म्हणायची
आमच्या सात पिढ्यांत कुणाची छाती झाली नव्हती.

"मॅडम, मागची सीट बघा, गादी बघा," गार्नेट म्हणतो.

ती मागची सीट बघत नाही.
काठी माझ्या हातात देते,
निळीच्या पायरीवर धड पाय ठेवते,
दुसरा दोन्ही हातांनी उचलून पलीकडं टाकते,
शेगडीत ओंडका टाकावा तसा,
आणि पुढं बसते.
"किल्ली कुठं लागते?"

आवारात एक चक्कर. मी मागं.
हात कुठं ठेवायचे तेच कळेना.
सीट धरू, तिला धरू, की काठी सांभाळू?
बावीस वर्षं हिनं काय धरलं होतं,
कधी विचारलं नाही मी.
खड्डा आला. ती हसली. मी नाही.

लाकडाला जुना ट्रेलर जोडू.
होतील खेपा दोन जास्त.

कागदावर एक चौकोन रिकामा राहिला होता:
गाडी कशासाठी वापरणार?
मी पेन शोधत होतो, तेवढ्यात
डेल्फीननं गार्नेटच्या कानावरची पेन्सिल काढली,
जिभेला लावली,
आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं:
कुंपण.