तोच कोड

कुटाइसीच्या उतारावर, जुंबेरच्या शेडमध्ये
एतेरीची टॅक्सी. पिवळा दिवा.
पी शून्य एक सात एक.
मशीन म्हणतं, हवा जास्त, पेट्रोल कमी.
कुठून, ते म्हणत नाही.

आधीच्या दोघांनी सेन्सर बदलला होता.
बोंब मारणाऱ्यालाच काढलं;
चोर सोडून संन्याशाला फाशी.

जुंबेर सिगारेट पेटवतो,
एक झुरका नळीत फुंकतो
आणि गप्प उभा राहतो.

इंजिनाच्या पाठीमागून,
जिथे हात पोचत नाही,
धुराचा दोरा वर येतो
बंद घरातून चुलीचा यावा तसा.

रबराचं कोपर. नखाएवढी चीर.
"एवढंच?"
तो कोड पुसत नाही.
"चालव चार दिवस.
पटलं की विझेल आपणहून."

एतेरी फाटकं रबर खिशात घालते,
त्या दोघांना दाखवायला.