दाताला लाव

बाहेती वकिलांची शेवरले
तीन मिस्त्री फिरून आमच्याकडे आली,
सेलूला, पाथरी रोडवर,
ट्रॅक्टरांच्या रांगेत अंग चोरून उभी राहिली.
सेहेचाळीसचं मॉडेल.

पहिल्यानं टायमिंगचं फायबर गिअर बदललेलं.
दुसऱ्यानं ते काढून अ‍ॅल्युमिनियमचं टाकलं,
तर गाडी वर शीळही घालायला लागली.
तिसऱ्यानं जाड तेल ओतलं
आणि बिल केलं.

दस्तगीर मिस्त्री म्हणायचे,
आधी आवाजाला नाव द्या, मग पाना उचला.
शीळ म्हणजे दाते गच्च बसलेत.
करकर म्हणजे कोरडे.
पण हे ठोकायलंय, मधूनच,
अ‍ॅक्सिलेटर दाबला की गप,
सोडला की पुन्हा,
याला काय म्हणावं?

मिस्त्रींचे कान जिनिंगमध्ये गेले,
अठ्ठावीस सरक्या-रुईच्या हंगामांत.
तेव्हापासून ते दातानं ऐकायचे.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला,
लाकडी मूठ दाढेत धरलेली, डोळे मिटलेले.
"कान झूठ बोलते, दात नहीं."
मागच्या दिवाळीत परभणीला
उरलेले सातही काढले.

त्या दिवशी त्यांनी कवळीत मूठ धरली,
बराच वेळ धरली,
मग कवळी काढून रुमालावर ठेवली.
"पिलास्टिक कुछ नहीं बताता, बेटी."
मूठ सदऱ्याला पुसली, माझ्यापुढं केली.
"दाताला लाव."

मी आयटीआयची टर्नर.
तीन वर्षं लेथवर उभी होते,
पण ऐकायला कुणी सांगितलं नव्हतं.
जिभेवर रॉकेल, जुना घाम, पानाचा कात.
आणि मग कवटीच्या आत
ट्यापेटांची शिलाई मशीन,
त्याखाली तेलाचा पंप, ओला, संथ,
आणि अगदी पुढं, कव्हरच्या मागं,
अरुंद खोलीत कुणीतरी कूस बदलत होतं.
इकडं. तिकडं. इकडं.

"सरकायलंय," मी म्हणाले.
"फिरतंय ते बरोबर फिरायलंय. सरकायलंय."

रेडिएटर उतरवला, जाळी उतरवली,
पुशरॉड खारीच्या रिकाम्या खोक्यात
नंबर घालून उभे केले.
कॅमशाफ्ट बाहेर आला.
दाते शाबूत, दोन्ही गिअरचे.
झिजली होती त्यांच्या मागची चपटी थ्रस्ट प्लेट,
तळहाताएवढी,
जी दोघांनी हातात घेऊन
पुन्हा तीच बसवली होती.
तीन थाऊ हवी तिथं अठरा थाऊ ढील.

तिरक्या दात्यांचा स्वभावच असा,
आवाज कमी, रेटा फार.
(मला थोरल्या जाऊबाई आठवल्या.)

मिस्त्रींनी फळीखालून बुश काढला,
बंद जिनिंगच्या शाफ्टचा, फॉस्फर ब्राँझ,
कशासाठी ठेवला होता त्यांनाच माहीत.
मी तो फेस केला, उभा चिरला, घासला,
शेवटचा हात तेलाच्या दगडावर.
फायबरचं गिअर वकिलांच्या डिकीत सापडलं,
स्टँपपेपरमध्ये गुंडाळलेलं, कोरं.
फीलरची तीनची पात गेली.
चारची अडली.

संध्याकाळी गाडी सुरू केली.
वकील म्हणाले, "करा की चालू."
मग बॉनेटवर हात ठेवला
आणि ओशाळून काढून घेतला.

बिलात प्लेट लिहिली, गॅस्केट, तेल, मजुरी.
ऐकणावळ कुठल्या रकान्यात लिहितात,
दोघांनाही सुचलं नाही.

वकील गेल्यावर नाही, आधीच,
इंजिन चालू असतानाच
मिस्त्री म्हणाले, "फिरसे लगा. क्या है?"
मी मूठ दातात धरली.
ट्यापेट. पंप. फॅनचा पट्टा.
"और आगे?"
"पुढं काही नाही."
"काही नाही, ते कसं असतं? सांग ना."

मी सांगायला लागले.
ते कवळी मुठीत धरून
माझ्या तोंडाकडं बघत होते.